गेट बंद झालं तवा

आधीच सांगून ठेवते, मला ज्ञानदेवची कीव आली न्हाई. गावातल्या बायका आता येऊन म्हणत्यात, "सगुणाबाई, झालं गेलं सोडा, माणूस पार वाळून गेलाय." वाळू द्या की! मी काय त्याला पाणी घालत बसू? ज्यांना एवढा कळवळा आलाय त्यांनी आपल्या रानातनं त्याला वाट द्यावी. तसं कुणी बोलत न्हाई. नुस्तं माझ्या दारात बसून माझाच चहा पित्यात आन् मलाच शहाणपण सांगत्यात.

आमची कोकरेवस्ती दौंडपासनं जवळच, नगरला जाणाऱ्या रेल्वेच्या कडंला. एका अंगाला डांबरी रस्ता, दुसऱ्या अंगाला भीमा नदी, आन् मधनं रूळ. माझ्या आजेसासऱ्यानं मेंढरामागं हिंडायचं सोडलं आन् हितं जमीन धरली. दोघं भाऊ व्हते. वाटण्या झाल्या तवा आमच्याकडं नदीकाठचं रान आलं. ज्ञानदेवच्या घराकडं रुळाच्या दोन्ही अंगाचं आलं. ज्ञानदेव म्हंजी माझा चुलत दीर. त्याचं घर डांबरीला, आन् उसाचं मोठं रान रुळाच्या पल्याड, आमच्या बांधाला बांध.

आम्ही राहायला बी रानातच. बाजाराला जायचं, दवाखान्यात जायचं, तर दारातनं निघायचं, ज्ञानदेवच्या रानातल्या गाडीवाटंनं रेल्वेच्या गेटावर यायचं, गेट ओलांडलं की डांबरी. गेट तसं लहानच, पण गेटमन असायचा. माझी वरात त्याच वाटंनं आली. सासऱ्यांची मयत त्याच वाटंनं गेली. त्या मयतीला खांदा ज्ञानदेवनंच दिला व्हता, आन् हे मी त्याला विसरू दिलं न्हाई.

माझे मालक वारले आन् ज्ञानदेवला वाटलं, आता बाईमाणूस राहिलंय, हिला हलवून बघू. विहिरीच्या पाळीवरनं भांडण उकरून काढलं. मी काय गप बसणारी न्हवं. चार माणसांत त्याची अब्रू काढली. दुसऱ्या दिवशी त्यानं जेसीबी बोलावला आन् गाडीवाटंवर आडवा चर मारला. चराच्या ह्या अंगाला बाभळीची काटी टाकली. मी विचारलं, "भावजी, हे काय?" तर म्हणतो, "वैनी, हितं वाट न्हाई. कधीच नव्हती. तुम्ही माझ्या बांधावरनं जात व्हता, मी जाऊ देत व्हतो. आता न्हाई जाऊ देत."

मला वाटलं, राग उतरंल, चार दिवसांनी बुजवंल. भावकीत असं चालायचंच. लई लई तर पोळ्याला मिटंल, असं मनाशी धरून बसले.

तवा माझी सून स्वप्नाली पोटुशी व्हती. पोरगी शिरूर तालुक्यातली, न्हावऱ्याच्या बाजूची. पहिलं बाळंतपण माहेरी, ही तर आपली रीत. तिला न्यायला तिचा भाऊ जीप घेऊन येणार व्हता. ज्या दिवशी यायचा त्याच दिवशी सकाळी पोरीच्या पोटात कळा सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. जीप गेट ओलांडून चरापाशी आली आन् थांबली. चरात पाटाचं पाणी सोडलेलं. माझ्या लेकानं, मच्छिंद्रनं, आन् मी स्वप्नालीला बाजंवर घातलं, शेजारची दोन माणसं बोलावली आन् बाज उचलून निघालो. म्हणलं चरातनं पाण्यातनं नेऊ, पल्याड जीप हाय, पंधरा-वीस मिनटात दौंड.

चराच्या काठावर ज्ञानदेव उभा. हातात काठी.

"वाट न्हाई," म्हणाला.

मी हात जोडले. आयुष्यात त्याच्यापुढं हात जोडले ते तेवढेच. म्हणलं, "भावजी, पोरगी अडलीय. आजच्या दिवस जाऊ द्या. उद्या पायजे तर माझ्या डोक्यात काठी घाला."

"नाटकं करू नका वैनी. एकदा जाऊ दिलं की वहिवाट लागती."

पल्याड स्वप्नालीचा भाऊ आरडत व्हता. माझा मच्छिंद्र काठी हिसकायला धावला तर त्याच्या दोन गड्यांनी त्याला धरला. भांडायला येळ नव्हता. बाज फिरवली आन् नदीच्या अंगाला पळत सुटलो. तिकडं संपतचं रान. संपत आन् त्याची बायको रतनबाई, बौद्ध वाड्यातली माणसं, नदीकाठाला त्यांची वस्ती. त्यांच्या रानातनं रेल्वेच्या पुलाखालनं वळसा घालून दौंडला निघता येतं, पण वाट तवा नुस्ती दगडधोंड्याची, माणसाच्या पायाची. आम्ही संपतच्या अंगणापत्तूर पोचलो आन् पोरीनं मला गच्च धरलं. रतनबाईनं तिथंच लुगड्याचा आडोसा केला.

लेक झाली. रडली न्हाई. रतनबाईनं उलटी धरली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात बोट घालून बघितलं. लई केलं बिचारीनं. मंग आपलं धुतलेलं पातळ फाडून त्यात गुंडाळली आन् माझ्याकडं दिली. दवाखान्यात डाक्टरीण म्हणाली, अर्धा तास आधी आणलं असतं तर. पुढं ती बोलली न्हाई. स्वप्नालीला त्याच्यानंतर दिवस राहिले न्हाईत.

आन् हा ज्ञानदेव गावभर काय म्हणत फिरला? "पोरीचं नशीब. देवाची मर्जी." वर आणखी, "सगुणीची सून कुणाच्या अंगणात बाळंत झाली बघा." संपतच्या अंगणाला नाकं मुरडतोस, मेल्या! त्या अंगणानं माझ्या सुनंला जागा दिली. तुझ्या रक्ताच्या बांधानं दिली न्हाई.

मी तहसीलला अर्ज केला. तारखा पडल्या. दर तारखेला ज्ञानदेव एकच बोलायचा, पाठ केल्यागत: "हितं वाट न्हाई. कधीच नव्हती." सर्कल साहेब जागा बघायला येणार म्हणल्यावर त्यानं अख्खी गाडीवाट नांगरून टाकली आन् तिच्यावर ऊस लावला. साहेब आले, त्यांना दिसला ऊस. साक्ष द्यायला भावकीतलं एक माणूस पुढं आलं न्हाई. ज्यांच्या बैलगाड्या त्या वाटंनं गेल्यात ती माणसं माना खाली घालून तंबाखू मळत बसली. निकाल त्याच्या बाजूनं लागला. गेटावरनं पुढं सरळ ज्ञानदेवच्या उसात रस्ता शिरायचा आन् तिथंच संपायचा. त्याचा एकट्याचा.

मला त्याची जमीन नको व्हती. मला त्याच्याकडनं काही भरून बी नको व्हतं. मला त्याच्या तोंडनं एकच ऐकायचं व्हतं: वाट व्हती आन् मी अडवली. कारण वाटच नव्हती म्हणल्यावर माझी नात कुणी मारली न्हाई. ती नुस्ती मेली. हे मला गिळवत नव्हतं. मी रोज जेवायला बसले की त्याच घासाला अडकायचे.

वाटंची सोय संपतनं केली. आपल्या रानाच्या कडंनं त्यानं आम्हाला वाट दिली, ना अर्ज ना तारीख. "सगुणाबाई, तुमचा ट्रॅक्टर जाईल एवढी धरा," म्हणाला. वळसा पडायचा, पावसाळ्यात गाळ व्हायचा, पण वाट ती वाट.

मंग डबल लाईनीचं काम आलं.

दौंडपासनं नगरपत्तूर एकाच रुळावर जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या चालायच्या. एक मालगाडी तासन् तास उभी राहायची, दुसरी येऊन गेली की मंग हालायची. आता शेजारी दुसरा रूळ टाकायचा ठरला. नदीवर नवा पूल व्हायला लागला. पुलाच्या कामाला डंपर जायचे ते संपतच्या रानातनं, म्हंजी आमच्याच वाटंनं. कंत्राटदारानं तिच्यावर मुरूम टाकला, रोलर फिरवला. माझी वाट डांबरीगत झाली! मी त्या डंपरवाल्यांना माठातलं पाणी द्यायचे. त्यातला एक बिहारचा व्हता, मला अम्मा म्हणायचा. एक दिवस पाणी पिता पिता गेटाकडं बोट करून म्हणाला, "अम्मा, ये गेट तो जाएगा."

मी म्हणलं, "जायंगा कहाँ?"

तर त्यानं समजावलं. डबल लाईन झाली की गाड्या जोरात पळणार, बारकी गेटं सगळी काढणार. जिथं लोकांचा रस्ता हाय तिथं रुळाखालनं मोरी देणार, भुयारी रस्ता. जिथं रस्ता न्हाई, लोकांची मागणी न्हाई, तिथं काहीच न्हाई. नुस्ता उंच भराव आन् कडंला भिंत. लवकरच साहेब लोकं येऊन इचारणार.

मी त्या दिवशी शेळ्यांना पाला तोडत व्हते. हात चालत व्हते आन् डोकं त्याच्यापेक्षा जोरात चालत व्हतं. गेट गेलं तर माझं काय जातंय? मला पुलाखालची वाट हाय. ज्ञानदेवचा ऊस रुळाच्या ह्या अंगाला, आन् घर त्या अंगाला. गेट गेलं आन् मोरी न्हाई आली, तर त्याला आपल्या रानात यायला एकच रस्ता राहतो: पुलाखालनं, संपतच्या रानातनं, आन् मंग माझ्या. कोयता टाकून मी तिथंच बांधावर बसले. इतक्या वर्षांत पयल्यांदा मला पोटभर भूक लागली.

आता तुम्ही म्हणाल, एवढा मोठा शेतकरी, त्यो मोरी मागणारच की. सरळ माणूस मागंल. पण ज्ञानदेवला मी ओळखते. मी दिवस म्हणलं की त्यो रात्र म्हणणार. आन् वाट ह्या शब्दाला तर त्याच्या तोंडात एकच उत्तर बसलेलं. इतक्या तारखांना तेच बोलून त्याला सवय लागली व्हती. फक्त त्याला विचारणारी मी पायजे व्हते.

साहेब आले तवा मी ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. रेल्वेचा इंजिनेर एक तरणा पोरगा, डोक्यावर पिवळं टोपडं. आमचे तलाठी भाऊसाहेब व्हते, सरपंच व्हते, भावकीतली झाडून सगळी व्हती. ज्ञानदेव पांढरे कपडे घालून, मिशीला पीळ देऊन पुढं उभा. इंजिनेरानं इचारलं, "ह्या गेटावरनं रस्ता कुठं जातो? कुणाकुणाला लागतो?"

ज्ञानदेव तोंड उघडायच्या आत मी पुढं झाले. मुद्दाम मोठ्यानं बोलले.

"साहेब, हितं वाट हाय! माझ्या आजेसासऱ्यापासनंची गाडीवाट हाय. हितनं सरळ माझ्या दारापत्तूर जाती. आम्हाला हितंच मोरी पायजे. ट्रॅक्टर जाईल एवढी मोठी पायजे. लिवून घ्या, सगळ्यांची वाट हाय ही!"

आन् पेटला की गडी! मला जसा पायजे व्हता तसा.

"खोटं बोलती ही बाई!" ज्ञानदेव ओरडला. "हितं वाट न्हाई. कधीच नव्हती! तहसीलचा निकाल हाय माझ्याकडं. ही मोरीच्या नावाखाली माझ्या रानातनं सरकारी रस्ता काढायला बघती. मोरीबिरी काही नको. कुणाची मागणी न्हाई."

"अहो पण तुमचं रान पल्याड हाय ना?" भाऊसाहेब हळूच म्हणाले. भला माणूस.

"माझं मी बघीन की! गेट हाय ना? इंग्रजांच्या काळातलं गेट हाय. त्ये कुठं जातंय?"

इंजिनेर म्हणाला, "गेट राहीलच असं न्हाई बरं का काका."

मी मनात म्हणलं, आता ह्याचं डोकं ठिकाणावर येतंय. तशी मी परत पदर खोचून ओरडले, "साहेब, ह्या माणसाचं काय ऐकता! गेटाचं काय व्हायचं ते होऊ द्या, मोरी द्या. माझ्या दारापत्तूर रस्ता आला पायजे!"

"बघा, बघा! दारापत्तूर म्हणती!" ज्ञानदेवनं छाती ठोकली. "साहेब, वाट न्हाई. मी मालक हाय, मी सांगतो. कुठं सही करू?"

भावकीला इचारलं. भावकी नेहमीगत ज्ञानदेवच्या मागनं बोलली, वाट न्हाई म्हणून. त्यानं सही ठोकली. इंजिनेर खूश, त्याची एक मोरी वाचली. ज्ञानदेव माझ्याकडं बघून हसला. मी डोळ्याला पदर लावला. लोकांना वाटलं रडती. पदराआड मला हसू दाबवत नव्हतं.

पुढं दुसरा रूळ पडला. भराव माणसापेक्षा उंच झाला, त्याच्यावर खडी, कडंला भिंत. मंग एका सकाळी गेटाचे दांडे काढले, गेटमनची खोली पाडली. ज्ञानदेव पळत आला, कुणाकुणाला फोन लावले, रुळावर आडवा व्हायची भाषा केली. रेल्वेच्या पोलिसानं त्याला हाताला धरून बाजूला नेला. मी माझ्या बांधावरनं सगळं बघितलं. जेवण बांधून नेलं व्हतं बरोबर.

त्यानं दौंडच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या. पुढाऱ्याकडं गेला. वाट द्या म्हणून तहसीलला अर्ज घेऊन गेला, तर तिथं त्याला सांगितलं, काका, हितं वाट कधीच नव्हती हे तुम्हीच शपथेवर सांगितलंय की. गावात ही गोष्ट मी जाईन तिथं सांगितली. दळण घेऊन गेले तिथं सांगितली, बाजारात सांगितली, न्हावऱ्याला लग्नाला गेले तिथं बी सांगितली.

ऊस तोडायला आला. कारखान्याची टोळी यायची, पण ट्रॅक्टर जाणार कुठनं? त्यो संपतकडं गेला. ज्याच्या अंगणाला नाकं मुरडली त्याच अंगणात उभा राहिला. संपत बारा गावचं पाणी पिलेला माणूस. म्हणाला, "माझ्याकडनं खुशाल जा. वाट सगळ्यांची हाय. पुढचं रान सगुणाबाईंचं, त्यांना तेवढं इचारा."

आधी सरपंचाला पाठवला. मी म्हणलं, "ज्याची गरज त्यानं यावं." मंग मेव्हण्याला पाठवला. त्याला मी दारातनंच परत लावला. शेवटी एक दिवस दुपारी स्वतः आला. संगती त्याची बायको झुंबरबाई. ही माझी जाऊ, गरीब गाय. नवऱ्यापुढं तिचा आवाज मी कधी ऐकला न्हाई. मच्छिंद्र कुरकुंभला कामावर गेलेला. घरात आम्ही सासू-सून दोघीच.

मी वट्यावर बसले व्हते. त्याला बस म्हणलं न्हाई. झुंबरबाईला म्हणलं.

"वैनी," म्हणाला, "टोळी दोन दिवसांत दुसऱ्या गावाला निघालीय. वाट द्या."

"कसली वाट?"

"तुमच्या बांधावरनं. ट्रॅक्टरपुरती."

"हितं वाट न्हाई, भावजी."

"वैनी, भावकी हाय आपली."

"आत्ता आठवली व्हय भावकी?"

त्यानं घाम पुसला. म्हणाला, "जे झालं ते झालं. चूक झाली असं समजा."

मी उठून उभी राहिले. "समजा न्हाई! मी काही समजून घ्यायची न्हाई. तुझ्या तोंडानं बोल. तहसीलला बोलायचास तसं खणखणीत बोल. गेटावर वाट व्हती का नव्हती?"

त्यानं माझ्या अंगणातल्या मातीकडं बघितलं. मंग म्हणाला, "व्हती."

"काय व्हती?"

"वाट व्हती. गाडीवाट व्हती. मी अडवली."

ऐकलं मी. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला लावला ते ऐकलं. "आन् त्या दिवशी बाजंवर कोण व्हतं, माहीत व्हतं तुला?"

"तसं न्हाई वैनी, मला वाटलं तुम्ही वाट काढायला नाटक..."

"माहीत व्हतं," झुंबरबाई म्हणाली.

ज्ञानदेवनं तिच्याकडं असं बघितलं की दुसरी असती तर जीभ चावली असती. पण ती बोलायची थांबली न्हाई. "मी त्यांना म्हणलं व्हतं आक्का. म्हणलं, सूनबाईच्या कळांचा आवाज घरापत्तूर येतोय, जाऊ द्या. मला म्हणाले, आज जाऊ दिलं तर जल्मभर जाऊ द्यावं लागंल. मला घरात कोंडलं आन् काठी घेऊन गेले." आन् पदर तोंडात घालून ती खाली बसली.

त्यो न्हाई म्हणला न्हाई.

मी मनाशी ठरवलं व्हतं, ह्यानं कबूल केलं की वाट द्यायची. चार लोकांत मोठं मन दाखवायचं, आन् ह्याला खाली मुंडी घालून माझ्या बांधावरनं जाताना बघायचं. पण आता तिथंच त्याचा गळा धरावा वाटला. हातात काय यील ते डोक्यात घालावं वाटलं. मी काही बोलायच्या आत मागनं स्वप्नाली बाहेर आली.

ही पोरगी त्या दिवसापासनं ज्ञानदेवविषयी एक शब्द बोलली न्हाई. मी शिव्या द्यायचे, ती भांडी घासायची. मला वाटायचं, विसरली. कधी कधी मला तिचाच राग यायचा, म्हणायचे, कसलं थंड रगत म्हणायचं हे.

तिनं हात पदराला पुसले. म्हणाली, "आत्या, नानांना वाट द्या."

"अगं तू..."

"द्या. पण पायवाट. चाक फिरायचं न्हाई आपल्या रानात. ट्रॅक्टर न्हाई, बैलगाडी न्हाई, सायकल बी न्हाई. ऊस न्यायचा तर डोक्यावर मोळी घेऊन न्यायचा, संपतमामांच्या अंगणापत्तूर. मला नेलं तिथपत्तूर."

"पोरी, एवढा ऊस?" ज्ञानदेव म्हणाला. "एवढ्या लांब टोळी वाहती का? माझ्याच्यानं व्हईल का ते?"

"मला काय माहीत नाना."

"बरं, ह्या सालापुरतं असंल तर मी काही तरी..." त्यो हात जोडायला लागला. "किती दिवस असं? कवा गाडी जाऊ देशील?"

स्वप्नाली त्याच्याकडं बघत व्हती. आवाज चढला न्हाई, डोळ्यात पाणी न्हाई.

"माझी लेक मोठी झाली की तिला इचारा," म्हणाली. "ती म्हणाली घाला गाडी, तर घाला."

झुंबरबाईनं उठून नवऱ्याला दंडाला धरलं आन् चला म्हणाली.

टोळी दोन दिवसांनी गेली. एवढ्या लांब मोळ्या वाहाय परवडत न्हाई म्हणाले. ज्ञानदेवनं रोजानं माणसं लावून बघितली, ती दोन खेपा करून पळाली. निम्म्याच्या वर ऊस उभाच राहिला, त्याला तुरे आले. जनावरापुरता म्हणून त्यो रोज स्वतः तोडतो. सकाळच्याला पुलाखालनं येतो, माझ्या बांधावरनं रानात जातो आन् मोळी डोक्यावर घेऊन परत निघतो. मान एका बाजूला गेलीय त्याची. मधी खाली ठेवायची सोय न्हाई, कारण ठेवली की परत उचलून द्यायला कुणी न्हाई. बायका म्हणत्यात ते ह्याचंच.

मी बघते त्याला. मन भरंल असं वाटलं व्हतं, अजून भरलं न्हाई, म्हणून रोज बघते. आन् स्वप्नाली? ती हातातलं काम टाकून वट्यावर येऊन उभी राहती. त्यो बांध उतरून संपतच्या रानात दिसंनासा झाला की आत जाती आन् आमच्या दोघींचा चहा ठेवती.